दुसऱ्यांच्या काढलेल्या बॅटऱ्या

आमच्या ह्यांना सगळा परिसर ‘सेलवाले’ म्हणतो. घरोघरच्या कॉर्डलेस फोनच्या बॅटऱ्या बदलायच्या, हेच काम. जिने चढायचे, हँडसेटची पाठ उघडायची, फुगलेली बॅटरी काढून नवी बसवायची, चार्जरच्या पट्ट्या खोडरबराने घासायच्या आणि निघताना तेच पुराण लावायचं, “आज लगेच बोलू नका, रात्रभर चार्जरवर राहू दे.” लोक माना हलवतात आणि हे जिना उतरायच्या आत गप्पा मारत बसतात. काही दीडशहाणे तर घड्याळातले साधे सेल घालून फोन चार्जिंगला ठेवतात. ते आतून पाझरले की सगळं चिकट होतं, आणि बोलणी कोण खातं? हेच! आताशा गिऱ्हाइकं थकलेली, आणि हेही.

घरी येतात ते पिशवीभर मेलेल्या बॅटऱ्या घेऊन. एकही टाकवत नाही. त्यातली बरी दिसेल ती आमच्या फोनमध्ये. “अजून जीव आहे गं तिच्यात.” कसला डोंबलाचा जीव! जरा कुठे बोलायला लागावं, की कानाशी पीं पीं सुरू. इतक्या वर्षांत मी सुखदुःख आटोपशीर सांगायला शिकले. नणंद म्हणते, वहिनी फार तुटक बोलतात. काय करणार, नवरा सेलवाला ना!

माझी थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, एकटी. आई तिच्याकडेच. आईला झोपच नाही. रात्री उठते, कड्या काढते, बाहेर निघते. म्हणजे ताईलाही झोप नाही. पण कधी विचारलं, तर “चाललंय गं” यापलीकडे ताई बोलायची नाही.

त्या दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“मला आता होत नाही गं. थोडे दिवस आईला तुझ्याकडे नेशील?”

मी “अगं” म्हणाले आणि फोन गेला. पार मेला. जन्मात पहिल्यांदा तिने काही मागितलं, आणि तिला वाटणार, ऐकल्याबरोबर मी फोन ठेवून दिला. खाली शिंपीणबाईंकडे धावले, त्यांच्या फोनवरून लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, तेच.

वर येऊन चपला न काढता, ताईकडे निघायला कुलूप शोधतेय, तर हे दारात. मग काय, जे तोंडाला येईल ते बोलले. जगाला नव्या बॅटऱ्या आणि बायकोला उकिरडा! ह्यांनी पिशवीतून गिऱ्हाइकासाठी आणलेली कोरी बॅटरी काढली, आमच्या हँडसेटमध्ये बसवली आणि फोन चार्जरवर ठेवला.

“रात्रभर नाही थांबणार मी!” मी ओरडले.

“नकोच थांबूस. मी जातो. बॅटरी माझी होती, तर मीच सांगायला हवं. तू आतली खोली रिकामी कर.”

दिवसभर जिने चढून आलेला माणूस पाणीसुद्धा न पिता परत गेला. मला रागही आला आणि कणवही. खोलीतली सगळी खोकी मी ओढत गॅलरीत नेली, पलंगावर धुतलेली चादर घातली, दाराची वरची कडी नीट लागते का पाहिली.

अंधार पडायला रिक्षा आली. ह्यांच्या एका हातात बोचकं, दुसरा हात आईच्या हातात. “जावईबापू, जरा पाय उचला,” आई त्यांनाच दटावत होती! तिला पलंगावर बसवलं आणि मी बाहेर आले. हे भिंतीला टेकून गुडघे चोळत होते.

“ताई काय म्हणाली? चिडलीय का हो?”

“सांगितलं तिला, बॅटरी गेली होती, हिने फोन ठेवला नव्हता. ‘बरं’ म्हणाली आणि आईचे कपडे भरायला आत गेली. बराच वेळ आवाज नाही म्हणून बघायला गेलो. खाली बसलेली, मांडीवर आईचा स्वेटर, अर्धा घडी केलेला. तशीच झोप लागली होती.”

“मग उठवायचं नाही?”

“उठवणार होतो. आईंनी माझा हात धरला. स्वतःची शाल काढून तिच्या अंगावर घातली आणि मला म्हणाल्या, चला लवकर, मी इथे असले तर पोर जागी होईल.”