नीरफणसाचे उरलेले तुकडे

माझा स्वभावच संशयी, आणि कामही तसंच मिळालं. लांबच्या अंतराळ मोहिमेवर जाणाऱ्यांनी महिनोन्‌महिने काय खायचं, हे ठरवणाऱ्या गटात मी आहे. वर हाडं झिजतात, स्नायू उतरतात, नाक चोंदल्यासारखं होऊन चव मंदावते. तेच तेच खाऊन माणूस कंटाळतो, निम्मं टाकतो आणि विचारलं की ‘खाल्लं’ म्हणून सांगतो. म्हणून आम्ही शब्दांवर विश्वास ठेवत नाही, उरलेलं अन्न बघतो.

माझ्या वाट्याला खतखतं आलं होतं. तिरफळं आणि आमसुलं घातलेली ही मिश्र भाजी मंदावलेल्या जिभेलाही जाणवेल, असं मीच बैठकीत ठासून सांगितलं होतं. अडचण नीरफणसाची होती, म्हणजे भाजीत घालतात त्या फणसासारख्या फळाची. सुकवलेले तुकडे गरम पाण्यात नीट फुलत नव्हते. त्यांच्याशिवाय खतखतं मला खतखतं वाटत नव्हतं, आणि आठवड्याभराने सोमवारी ते ठेवायचे की काढायचे हे सांगायचं होतं. पणजीतल्या चाचणीत लोकांनी नेमके तेच बाजूला सारले होते.

म्हणून मी पाकिटं पेडण्याला घरी नेली. बाबांना बजावलं, दुपारी आणि रात्री हेच खायचं, दुसरं काही नाही. पिशवीत तोंड घालून जेवायला मात्र ते तयार होईनात. ताटात ओतून घेतो म्हणाले. मी हो म्हटलं.

पुढच्या शनिवारी आले तर बाबांचा चेहरा उतरलेला. काट्यावर उभं केलं, वजन घटलं होतं. पाकिटं मात्र सगळी रिकामी, आणि वर आईने धुऊन दोरीवर वाळत घातलेली. धुतलेलं पाकीट म्हणजे पुसलेला पुरावा, असं माझ्या मनात आलं.

“मी सगळा खाल्लंय,” बाबा म्हणाले. “बापायवर इस्वास नाय तुजो?”

नव्हता. मी परसातल्या माडाच्या आळ्यात पाहिलं, कुत्र्याच्या थाळीत पाहिलं. बाबा काजूच्या बागेत गेल्यावर शेजारणीकडेही आडून चौकशी केली. काही सापडलं नाही. मला राग आला. आवडलं नसेल तर तोंडावर सांगावं, पोरीचं मन राखायला उपाशी कशाला राहायचं?

रविवारी दुपारी मी समोरच बसले. बाबा हळूहळू जेवले आणि पाट सोडून उठले. ताटात बरंचसं खतखतं होतं, नीरफणसाचे तर सगळेच तुकडे. तेवढ्यात आई त्याच ताटावर बसली, त्यात भात वाढून घेतला आणि जेवू लागली.

लहानपणापासून हे बघत आले होते, म्हणूनच आठवलं नाही. बाबांच्या मागून त्यांच्याच ताटात आई जेवते, आणि ते ताट ते कधी रिकामं सोडत नाहीत. शाळेत असताना मी यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. नको असलेलं बायकोच्या वाट्याला, असाच मी त्याचा अर्थ लावला होता.

“नीरफणस त्यांना नाहीच आवडला ना?” मी विचारलं. “खरं सांग.”

आईला माझं नवल वाटलं. “तेंका आवडता ताच ते माज्यासाटी ठेवतत. लग्न झाल्यापासून.”

बरं वाटलं आणि लाजही वाटली. नीरफणस बाबांना सगळ्यात जास्त आवडला होता, म्हणून त्यांनी एकही तुकडा तोंडात घातला नव्हता. माझ्या पद्धतीने मी त्यावर ‘नापसंत’ असा शेरा मारला असता. पणजीतल्या लोकांनी बाजूला सारलेले तुकडे आठवले आणि त्यांचंही काही सांगता येईना.

आईने शेवटचा तुकडा भाताबरोबर गिळला. ताट लख्ख झालं होतं.

“तुलाही आवडतो ना?” मी विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं. बाबा न्हाणीपाशी आचवत होते.

“माका कधी आवडलोच नाय,” ती हळूच म्हणाली. “पण तेंका सांगू नको.”

सोमवारी मी नीरफणस ठेवला. तेव्हापासून कुणाचं साफ पुसलेलं ताट दिसलं, की मला आधी संशय येतो.