गेटपासून दारापर्यंत

“जेसीबी बोलवा आणि सगळं झोपवा,” सुभेदार म्हणाले. “मला गेटपास्नं दारापर्यंत रास्ता क्लिअर पाहिजे.”

आम्ही साताऱ्यात त्यांच्या घराच्या गेटातच उभे होतो. पुढं सरळ पाऊल टाकायला जागा नव्हती. डावीकडची मेंदी माणसाच्या डोक्यावर गेलेली. उजवीकडं घाणेरी माजलेली. आणि वाटेच्या मधोमध गुलमोहराचा गुडघ्याएवढा ओंडका. झाड कैक वर्षांपूर्वी वादळात मोडून पडलं, वरचं लाकूड लोकांनी जळणाला नेलं, बुंधा तेवढा राहिला. सुभेदार अंग चोरून त्याच्या कडेनं जात-येत असत.

मी सांगलीत बागांची कामं घेते. लावायची कमी, काढायची जास्त. सुभेदारांची मुलगी सुनीता माझ्या ओळखीची. तिच्या आईला, म्हणजे शालनकाकूंना, पक्षाघाताचा झटका आला आणि तेव्हापासून त्या सांगलीला सुनीताच्या फ्लॅटमध्ये होत्या. बोलणं हळूहळू सुधारलं, पाय नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. पण व्हीलचेअर त्या वाटेनं जाणार कशी? सुनीतानं वडिलांना सांगून टाकलं होतं, आधी वाट, मग आई.

“तोवर तुम्हीच का नाही सांगलीला राहत?” मी विचारलं.

“दोन खोल्यांत पाच माणसं, मॅडम. ऐतवारी जातो एसटीनं, सांजच्याला परत.” ते गेटाच्या खांबाला टेकले. “मी फौजेत असताना ती हितं वाट बघायची. आता मी बघतोय. लय अवघड ड्युटी हाय ही.”

जेसीबी गल्लीत शिरणारच नव्हता. सगळं हातानं करायचं ठरलं. आष्ट्याचे महादेव आणि त्यांचा भाऊ अशी दोन माणसं मी आणली.

घाणेरीचं एक असतं. वरून कापली की ती दुप्पट फुटते. जमिनीलगत मुळाची गाठ असते, ती निघाली तरच खेळ संपतो. म्हणून आदल्या संध्याकाळी सुभेदारांना भरपूर पाणी सोडायला सांगितलं होतं. ओल्या मातीतून गाठी टिकावानं सुटत गेल्या. मेंदी जास्त चिवट निघाली, पण दुपारपर्यंत तीही आडवी झाली.

मग ओंडका. पुष्कळ जण त्यात मीठ भरा, ॲसिड ओता असं सांगतात. त्यानं माती नासते आणि ओंडका जागेवरच राहतो. खरी पद्धत सोपी आणि कष्टाची. चारी बाजूंनी खणायचं, आडवी मुळं उघडी करून तोडायची, वर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं करून चेन-पुलीनं ओंडका उचलायचा. पण कुऱ्हाड चालवण्याआधी खाली काय आहे ते माहीत हवं.

“नळाचा पाइप कुठून गेलाय?” मी विचारलं.

“पाइप टाकला तवा मी जम्मूला होतो.”

“गुलमोहर कधी लावला?”

“तवा आसामात.”

“मेंदी?”

सुभेदार वळले. आडव्या पडलेल्या मेंदीकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि सुनीताला लावला. “आईला दे. मॅडमना पाइप इचारायचाय.”

फोन स्पीकरवर होता. काकूंचा आवाज सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. “गेटाच्या उजव्या खांबापास्नं हातभर आत. तिथनं तिरका न्हाणीकडं.”

“म्हणजे झाडाखालून?”

“व्हय. पाइप आधी, झाड मागनं.” मग त्यांनीच विचारलं, “ओंडका काढताय व्हय?”

सुभेदारांनी फोन तोंडाजवळ धरला. “तू नको म्हणत असशील तर ऱ्हाऊ दे. बघू कडंनं वाट.”

“मी बसायची तिथं,” काकू म्हणाल्या. “झाड होतं तवा बुडात, पडल्यावर ओंडक्यावर. तिथनं गल्लीचा कोपरा दिसतोय. तुमी रजेवर यायचा तवा तुमची रिक्षा तिथनंच वळायची.”

“मी आलो की तू दारात असायचीस.”

“रिक्षा वळली की पळायची दारात. वाट बघत बसले व्हते, असं कशाला दावायचं?”

महादेव पहार टेकून उभे राहिले.

“काढा तुमी,” काकू म्हणाल्या. “माझी खुर्ची आता माझ्यासंगट फिरतीया.”

फोन ठेवल्यावर मला वाटलं, सुभेदार काम थांबवतील. ते ओंडक्यापाशी गेले आणि त्यावर बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. कोपऱ्यावरून एक टेम्पो वळला, शाळेची एक रिक्षा वळली. ते बघत होते. आम्ही पाणी प्यायच्या निमित्तानं गेटाबाहेर गेलो. बऱ्याच वेळानं आतून हाक आली, “चला महादेव, घ्या कुऱ्हाड.”

काकूंनी सांगितलं होतं तिथंच पाइप सापडला. एक जाड मूळ त्याला विळखा घालून बसलेलं. तिथं कुऱ्हाड लांब ठेवली आणि करवतीनं बेतानं कापलं. दुसऱ्या दिवशी चेन ताणली, तिकाटणं करकरलं आणि ओंडका मातीसकट वर आला. खाली चांगला घमेलीच्या घमेली माती गिळणारा खड्डा होता. तो भरला, वर पेव्हर ब्लॉक घातले, दाराच्या पायरीवर उतार केला. सुनीताच्या घरी मी काकूंची खुर्ची मोजून आले होते. वाट त्याहून रुंदच ठेवली.

काकू आल्या त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. सुनीतानं खुर्ची गेटातून आत घेतली. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. काकूंनी हात वर करून खुर्ची थांबवली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

“लय उघडं केलंसा,” त्या म्हणाल्या.

सुभेदार जागचे हलले नाहीत.

“आवं, ये म्हणा की मला.”

तेव्हा ते उतरून आले, सुनीताच्या हातातून खुर्ची घेतली आणि घरात नेली. ‘ये’ ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मला तरी ऐकू आलं नाही.

नवीन लोक मला विचारतात, ओंडका काढला, खड्डा भरला की काम संपलं ना? संपत नाही. खाली मुळांचे तुकडे राहतातच. ते कुजत जातात आणि वरची जमीन खचते. म्हणून तिथं काँक्रीट करू नये, ब्लॉक सुटेच ठेवावेत. पावसाळा झाला की जायचं, ब्लॉक उचलायचे, खचलं असेल तेवढी माती घालून दाबायची. साताऱ्याला मी अजून जाते. दर वर्षी थोडी माती लागतेच.