नवापूरच्या बँडमधला चौथा आवाज

बँड शिकवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. पोरं बेसूर वाजवतात म्हणून नव्हे, कधीकधी सुरात वाजवतात म्हणून! हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, नवापूरच्या मिशन शाळेतलं. वाद्यं नवी, नऊ पोरं त्याहून नवी. शाळा चालवणाऱ्या मड्डमसाहेबांनी बजावलं होतं, "ईस्टरपर्यंत चार आवाजांत एक गीत ऐकवा. नाहीतर वाद्यं दुसऱ्या शाळेला जातील." माझा जीव त्या पितळेत अडकला होता.

* * *

जुनी गीतं मी पोरांच्या कुवतीप्रमाणे मांडायचो. क्लॅरिनेटवाल्या एस्तेरला पाचच सूर येत. सहावा लिहिला की सुरावटीचं पान परत! "गुरुजी, हा माझ्या बोटांत नाही." मग मी अख्खं गीत बदलायचो. चौथा आवाज बासचा, म्हणजे सगळ्यांत खालचा. तो मोठा हॉर्न मात्र एकाही पोराच्या छातीला झेपेना. त्याचं पान लिहून मी हॉर्नमध्येच खोचलं आणि हॉर्न मागे कोपऱ्यात ठेवला.

* * *

पोरांचा दम पुरावा म्हणून दर ओळीनंतर मी चार मात्रांचा थांबा दिला होता. एकदा त्या थांब्यात मागून खर्जाचा सूर आला. लांबलचक! मी ड्रमवाल्या दगडूवर खेकसलो. तो कोरीट गावचा. म्हणाला, "नही गुरुजी, आम्ही चूप बठेल व्हतूत!" सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या. मी घाबरलो होतो, पण मास्तरानं ते दाखवायचं कसं?

* * *

तालीम संपल्यावर हॉर्नच्या फुंकायच्या तोंडाला बोट लावलं. ओलं! पेटी वाजवणारे जखऱ्या मास्तर म्हणाले, "दमट हवा."

मार्चात? नवापूरला?

* * *

खोचलेलं पान काढलं. श्वास कुठे घ्यायचा, तिथे शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा! माझ्या थांब्यांपेक्षा कितीतरी बरोबर.

"तुम्ही केल्या?" मी जखऱ्या मास्तरांना विचारलं.

"मला पेटीखेरीज काय कळतं?"

मी मुकाट्यानं माझे थांबे खोडले आणि त्या खुणा सगळ्यांच्या पानांवर उतरवल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं न अडखळता वाजवू लागली. शाबासकी अर्थात मीच घेतली.

* * *

ईस्टरच्या आदल्या सकाळी मड्डमसाहेब आल्या. बास वाजवणारं कुणी नव्हतंच. तीन आवाजांवर वेळ मारून न्यायची, असं ठरवून मी हात उचलला. गीत संपेपर्यंत नजर पानावरून वर केली नाही. खरं सांगतो, धीरच झाला नाही!

मड्डमसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले. "वाद्यं इथंच राहतील."

पोरं ओरडली. एस्तेर रडायलाच लागली. मलाही हसू आवरेना.

मड्डमसाहेब दाराशी जाऊन थांबल्या. "गुरुजी, बास वाजवणारे ते गृहस्थ केवढे म्हातारे आहेत! त्यांना उभं का ठेवलंत? खुर्ची द्या!"