वळसाकाकू

डोंगरावर गिर्यारोहकांचं सामान वाहणाऱ्या त्या बाईला सगळे वळसाकाकूच म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलेलं, पण तिला त्याचं काही नव्हतं. शिखराखालच्या उतारावरून लोक वळशाची वाट सोडून सरळ वर चढायचे, तेवढीच पायपीट वाचायची. बुटांनी घासून घासून तो उतार पार उघडाबोडका झाला, पावसात माती वाहून जायला लागली. तेव्हा काकूनं स्वतः दगड रचून ती वाट बंद केली आणि जो येईल त्याला दम भरला, "वळसा घालून जा. पाय काही झिजत नाहीत!" भलेभले गडीही मग वळशाच्या वाटेला लागायचे.

पुढे गुडघ्यानं दगा दिला. दोन-तीन वर्षं ती वर फिरकलीच नाही. आता ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यानंतर डोंगर विसरायचा. मग काय, बाई हट्टालाच पेटली. शिखरावर एकदा शेवटचं उभं राहायचं, बस्स! सून सोबत निघाली.

दगडांपाशी पोचेपर्यंत काकू मेटाकुटीला आली. सून हळूच म्हणाली, "आई, आज एकदाच इथून जाऊ. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" काकू फणकारली आणि लंगडत वळशाच्या वाटेला लागली. सुनेनं कपाळाला हात लावला.

अर्ध्या वळशावर गुडघा साफ आखडला. शिखर समोर, हाकेच्या अंतरावर, आणि पाऊल काही उचलेना. काकू खडकावर टेकली. डोळे भरून आले. "राहिलं गं," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात ढग सरकला आणि खालचा उतार दिसला. अगं बाई! तोच बोडका उतार, आणि आता त्यावर तीळभर जागा रिकामी नव्हती. गुडघाभर गवत, निळीच निळी फुलं, मधमाश्यांची नुसती गुणगुण. पावलांचा मागही कुठे उरला नव्हता. काकूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं फक्त माणसं अडवली होती, बाकी सगळं डोंगरानं आपलं आपण केलं होतं. केवढं हे!

सून तोंडात बोट घालून बघत राहिली. मग म्हणाली, "पाठीवर घेऊ का, आई? शिखर जवळच आहे."

"वर काय दिसणार? आभाळच ना. बस इथं जरा."

खालून आवाज आले. दगडांपाशी एक टोळकं घुटमळत होतं. काकूनं उठायला हात टेकला, पण त्याआधी सूनच कडाडली, "वळसा घालून या! पाय काही झिजत नाहीत!"

काकू खुदकन हसली आणि पुन्हा खडकावर बसली.