पत्रकं मागे फेकायची असतात

गरिबाने काहीही नवीन केलं की त्याला पहिला प्रश्न येतो: याचा उपयोग काय? श्रीमंताला तो कुणी विचारत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी एक रिसॉर्टवाला पॅराशूटसारखी छत्री आणि पाठीवर पंखा बांधून लोकांना वाळूवरून उडवतो. मुंबईचे पाहुणे त्याच्यासोबत वर जातात, किंचाळतात, खाली येऊन फोटो काढतात आणि नारळपाणी पितात. त्यांना वर जाण्याचा उपयोग विचारलेला मी कधी ऐकला नाही.

मी तिथे एकदा चौकशीला गेले होते. मला फेरी मारायची नव्हती, शिकायचं होतं. काउंटरवरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही एक जॉयराइड घ्या ना. शिकणं म्हणजे मोठी गोष्ट आहे." मी फी विचारली. त्याने सांगितलेला आकडा मला वर्षभर डीटीपीच्या दुकानात टायपिंग करूनही मिळत नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला त्याने हसून पुढे बोलावलं. मी बाजूला झाले आणि तलासरीची बस पकडून घरी आले. बसमध्ये माझे कान तापलेले होते. हे मी कशासाठी सांगते आहे ते स्पष्ट असू दे. मला हेवा वाटला नव्हता, राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

माझ्या घरात राग हा पाहुणा नाही. बाबा आयुष्यभर संघटनेचे कार्यकर्ते. त्यांनी मला बाराखडी पत्रकांवरून शिकवली. 'ज' जमिनीचा, 'म' मजुरीचा. शाळेत बाई 'क कमळाचा' म्हणाल्या तेव्हा मला वाटलं होतं, यांना चुकीचं छापून मिळालं. सभेच्या आदल्या दिवशी जीप निघायची आणि मी मागच्या बाजूला गठ्ठा मांडीवर घेऊन बसायचे. पत्रकं फेकायची पण एक रीत असते. पुढे फेकलीस तर वाऱ्याने तोंडावर येतात, बाजूला फेकलीस तर चिखलात जातात. खांद्यावरून मागे, मूठ उघडत उघडत फेकायची. मग ती रस्त्याभर पसरतात आणि लोक वाकून उचलतात. बाबांनी माझा हात धरून ते शिकवलं होतं. तो हात लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

दुकानात झेरॉक्सला येणाऱ्यांत एक रेल्वेचे टेक्निशियन होते, सरावलीला क्वार्टरमध्ये राहणारे. घरात गुजराती, बाहेर मराठी. एकदा त्यांनी इंग्रजी मॅन्युअलची पानं झेरॉक्सला दिली. वर चित्र होतं: छत्री, दोऱ्या, पाठीवर पंखा. मी पानं परत द्यायच्या आधी सगळी वाचून काढली. त्यांनी ते यंत्र कुणाकडून तरी जुनं, मोडकं घेतलं होतं आणि सुट्ट्यांमध्ये बसून स्वतः दुरुस्त केलं होतं. उडायलाही ते बाहेर जाऊन शिकून आले होते. पण उडवायचं कुठे? डहाणूकडे जिकडे तिकडे चिकूच्या वाड्या, तारेची कुंपणं, विजेच्या तारा. किनाऱ्यावर गेलं की रिसॉर्टवाल्याची माणसं हाकलायची, जणू भरती-ओहोटीही त्यांच्या मालकीची.

मी म्हटलं, "दादा, माझ्याकडे माळ आहे."

ते म्हणाले, "माळ तुझा आहे?"

"नाही. काकीचा."

अशी आमची भागीदारी झाली. यंत्र त्यांचं, जागा माझी. त्या बदल्यात ते मला शिकवणार. स्वस्तात उडायचा मला सापडलेला हा एकच रस्ता, आणि तो सगळा काकीच्या माळावरून जात होता. माळ गेला तर माझ्याकडे देण्यासारखं काहीच उरत नव्हतं.

काकी म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको. वेवजीच्या बाजूला तिचा गवताचा माळ आहे. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला शिवेवरच्या वाघदेवाला नारळ फोडल्याशिवाय माळावर विळा लावत नाहीत. नंतर कापणी होते, भारे बांधले जातात, व्यापाऱ्याचा ट्रक गवत उचलतो, आणि मग पावसापर्यंत माळ नुसता पडून राहतो. सपाट, खुरटा, मधे एकही झाड नाही. काकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी गुरं बुजायला नको, एवढंच." आम्ही पोलीस पाटलांनाही सांगून ठेवलं. त्यांनी आधी यंत्राचा फोटो काढला, मग यंत्रासोबत स्वतःचा.

पहिला हिवाळा मी जमिनीवरच काढला. छत्री गवताच्या खुंटांवर पसरायची, दोऱ्या सोडवायच्या, वाऱ्याकडे तोंड करून पळायचं. छत्री डोक्यावर यायची आणि लगेच एका बाजूला कोसळायची. पट्टे मोठ्या पुरुषाच्या मापाचे होते, माझ्या खांद्यांवरून घसरायचे. पाड्यातल्या बायका सरपण घेऊन जाताना थांबायच्या. एकजण म्हणाली, एवढं पळून शेवटी तिथेच येतेस, बस तरी पकड. दादा हसू दाबून म्हणायचे की परत कर, हात वर, मान वर. अंगावर सुटं काहीही नको, ओढणी नको, टोपी नको, पंखा मागे आहे हे झोपेतही विसरायचं नाही.

वारा कळावा म्हणून मी संघटनेचं एक जुनं बॅनर शिवून पिशवी केली आणि बांबूला लावली. लाल कापड. बाबांनी ती रस्त्यावरून पाहिली. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "झेंडा आता वारा बघायला?" मी म्हटलं, झेंड्याने कधीतरी वारा बघायला हवा होता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात मी उडाले. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, थंड आणि सरळ. मी पळत होते आणि मग पळत नव्हते, पाय हवेतच हलत होते. खाली माळ, माळाच्या कडेला काकीचं घर, वालाची शेतं, धुक्यातले पाडे, आणि पश्चिमेला एक पांढरट रेघ. तो समुद्र होता हे मला थोड्या वेळाने कळलं. माझ्या जन्मात मी तो घराच्या इतक्या जवळ पाहिला नव्हता. वर असताना मला एकही घोषणा आठवली नाही. हे मी लाजून सांगत नाही. माझ्या डोक्याला ती सुट्टी पहिल्यांदाच मिळाली होती.

त्याच हिवाळ्यात पाड्यावर ड्रोन आलं. कुठल्याशा रस्त्याची मोजणी होती. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. न्हाणीघराला छप्पर नसलेल्या घरांवरून ते घरघरत फिरलं, बायका अंग झाकत आत पळाल्या. पाठोपाठ शेतांत चुन्याने रंगवलेले खुंट आले. बाबा पेटून उठले, आणि ते पेटले ते योग्यच होतं. त्यांनी पत्रक लिहिलं, मी दुकानात बसून टाइप केलं, शीर्षकाचा फॉन्ट मोठा केला. तोवर आम्ही एका बाजूला होतो.

मग ते म्हणाले, "बाय, हे तू वरून टाकायचं."

मी नाही म्हटलं. मी म्हटलं की पत्रक मी दारोदार वाटेन, बाजारात उभी राहीन, पण वर जाताना माझ्या हातात काही नको.

"त्यांचं यंत्र वरून येतं, आपलंही वरून येऊ दे. लोक बघतील. नाहीतर तुझ्या त्या उडण्याचा उपयोग काय?"

हाच तो प्रश्न. काउंटरवरच्या माणसाने तो चपलांकडे बघून विचारला होता, माझ्या बापाने तोंडाने विचारला. मी विचारलं, सगळ्या कष्टकऱ्यांना विश्रांतीचा हक्क आहे असं तुम्हीच माझ्याकडून टाइप करून घेतलंय ना? ते म्हणाले, विश्रांती वेगळी आणि शौक वेगळा. विश्रांतीने माणूस दुसऱ्या दिवशी कामाला तयार होतो. मी म्हटलं, हे तर कारखानदारही म्हणतो.

ते उठून काकीकडे गेले. काकी त्यांचा शब्द मोडत नसे. पाड्यातलं कुठलंही भांडण असो, ती म्हणायची, भाऊजींना विचारा. संध्याकाळी निरोप आला: पत्रकं टाकणार असेन तर माळ आहे, नाहीतर भाऊजी म्हणतात पोरीला आवरा.

मी कबूल झाले. रागाने कबूल झाले, पण झाले.

यंत्र काकीच्या पडवीतच असायचं; दादा त्या दिवशी ड्युटीवर होते. असते तर त्यांनी मला जमिनीवरून उठूच दिलं नसतं. मी गठ्ठा पुढे पोटाशी पिशवीत बांधला. पंखा मागे आहे हे मला पाठ होतं. मी ठरवलं होतं की पिशवी खाली लोंबकळत सोडायची, इंजिन बंद करायचं, मग पत्रकं सरळ खाली ओतायची. पाड्यावर पोचले, खाली माणसं गोळा झाली होती, बाबा मधोमध हात वर करून उभे होते. मी पिशवीत हात घातला, मूठ भरली, आणि माझ्या हाताने ते केलं जे तो लहानपणापासून जीपमध्ये करत आला होता. खांद्यावरून मागे, मूठ उघडत.

आवाज आला तो कागदाचा नव्हता. कागदासोबत गठ्ठ्याची सुतळी गेली होती. पंख्यात काहीतरी गुंडाळलं, फटका बसला, सगळं यंत्र पाठीवर थरथरू लागलं. मी बटण दाबून इंजिन बंद केलं. मग फक्त दोऱ्यांमधून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ, आणि माझ्या मागे कागदाचा चुरा, लग्नातल्या अक्षतांसारखा, पाड्यावर पडत होता. माळापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मी काकीच्या वालाच्या शेतात उतरले, गुडघ्यांवर घसरत, निम्मं शेत आडवं करत.

पंख्याचं लाकूड टोकाशी चिरलं होतं. माझा गुडघा फुटला होता. बाबा धावत आले, आधी मला चाचपून पाहिलं, हात, मान, डोकं. मला काही झालं नाही याची खात्री झाल्यावर त्यांचा आवाज परत आला.

काकीच्या ओट्यावर सगळे बसले. बाबांनी कार्यकर्त्यासारखं मांडलं: यंत्र धोक्याचं आहे, ते चळवळीच्या कामाचं नाही हे सिद्ध झालं, माळ बंद करावा. ते बरोबर शब्द शोधत होते आणि मला ते सहन होईना.

मी म्हटलं, "बाबा, यंत्र उडायच्या कामाचं आहे. तुम्ही त्याची जीप केलीत. मला पण जीपच करता तुम्ही."

काकी कडुलिंबाच्या पाल्याने माझा गुडघा पुसत होती. तिने विचारलं, "वरून माझं घर दिसतं का गं?"

दिसतं म्हटलं.

"कसं दिसतं?"

"लहान. पण अंगण मोठं दिसतं."

"मग तिथूनच बघावं," ती म्हणाली. बायका हसल्या. मग ती बाबांकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, गवत गेल्यावर माळ पडून असतो. त्याला कुणी विचारत नाही, तू पडून का. माळ हिला असू दे. वालात मात्र परत उतरायचं नाही, बाय. उतरलीस तर शेंगा तूच सोलायच्या."

बाबा उठून गेले. माळ राहिला. तरी मला नुसतं बरं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काकी चांगली निघाली म्हणून माझं आकाश वाचलं. उद्या तिचा मुलगा माळ विकेल, मग? किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना कुणाच्या चांगुलपणावर उडावं लागत नाही.

नवीन पंखा यायला पुढची वाघबारस उजाडली. दादांनी तो बसवला. मग माझे खिसे उलटे करून तपासले, बिडी लपवणाऱ्या पोराचे तपासावेत तसे. मी रिकाम्या हातांनी वर गेले. लाल पिशवी माळावर सरळ ताणलेली होती. मी उंच गेले, गेल्या खेपेपेक्षा उंच, आणि पश्चिमेची रेघ रुंद होत जाताना बघत राहिले.

त्या संध्याकाळी बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी चपलेचा अंगठा हाताळला. मग विचारलं, "मोजणीचे खुंट कुठवर आलेत, दिसलं असेल ना वरून?"

"दिसले असतील. मी समुद्राकडे बघत होते."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

मला वाटलं आता सुरू होईल. मी म्हटलं, "खुंट बघायचे असतील तर सकाळी चालत जाऊ. तिथे मी येते. पत्रकंही वाटते. पण वर मी कुणाच्या कामाला जाणार नाही."

सकाळी आम्ही चालत गेलो. ओढ्यापासून शाळेच्या मागपर्यंत, खुंटामागून खुंट, आणि सगळी वाट भांडत.