दहा नंबरच्या सुया

बाळाचा स्वेटर बाळाच्या आधी पूर्ण करायचा नाही, असा आमच्या घरात रिवाज आहे. कोणी सुरू केला देव जाणे, पण माझ्या मोठ्या जाऊबाई शालिनीताई तो सरकारी नियमासारखा पाळतात. सगळं विणायचं, शेवटची ओळ मात्र सुईवरच ठेवायची. दवाखान्यातून निरोप आला की टाके बंद करायचे. माझ्या अपूर्वच्या वेळी ताई ऑटोत बसून टाके बंद करत आल्या होत्या. दवाखान्याकडे जाणाऱ्या मुरारच्या रस्त्यावरचे खड्डे त्या स्वेटरच्या गळ्यात आजही दिसतात.

ताई खाली राहतात, आम्ही वर. त्यांचे हात रिकामे मी कधी पाहिले नाहीत. उन्हाळ्यात लोकर घामाने बोटांना चिकटते, म्हणून त्या कूलरसमोर बसून क्रोशाने सुती दोऱ्याचे रुमाल विणतात. पावसाळ्यात जुने स्वेटर उसवतात, लोकर धुतात आणि ती वाळत नाही म्हणून आमच्यावर चिडतात. दसरा आला की सुया बाहेर. मग आल्यागेल्याचं निम्मं बोलणं त्यांच्या कानात शिरत नाही, कारण टाके मोजणं चालू असतं. मला या कामाचा मनस्वी कंटाळा. इथे थंडीत भरणाऱ्या मेळ्यात हवे तेवढे स्वेटर मिळतात, असं मी दर थंडीत सांगते आणि दर थंडीत ताईंनी विणलेलाच घालते.

पण गेल्या काही वर्षांत ताईंच्या हातातली मजा गेली. त्यांची एकुलती एक मुलगी शिखा याच शहरात गोरखीजवळ ध्रुवला दिलेली, बँकेत नोकरीला. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ताईंनी पिवळा स्वेटर सुईवर घातला. चौथ्या महिन्यात सगळं संपलं, स्वेटर सुईवरच राहिला. दुसऱ्यांदा पांढरा. त्या वेळी सातवा लागला होता, तरी बाळ राहिलं नाही. ते दिवस आठवले की अजून मला जेवण जात नाही. तिसरा हिरवा, दिल्लीच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले तेव्हाचा. तिन्ही ट्रंकेत, सुयांसकट. टाके घसरू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना रबर गुंडाळलेले. उसवायला ताईंचा हात धजत नव्हता आणि बंद करायचे तर बाळ नव्हतं.

बाळाच्या स्वेटरला लागतात त्याच दहा नंबरच्या सुया मोठ्यांच्या स्वेटरलाही लागतात. मागे एका थंडीत शिखा इथल्या पोरांच्या अर्ध्या हिंदीत म्हणाली होती, "आई, माझ्यासाठी एक बनव ना. ब्रँचमध्ये बहुत ठंड लगती है."

"सुया कुठे रिकाम्या आहेत?" ताई म्हणाल्या.

"का, बाजारात सुयांचा दुष्काळ पडलाय?" मी मध्ये तोंड घातलं. शिखाने पुन्हा विचारलं नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ताईंनी नेहमीप्रमाणे गच्चीवर खाट टाकून लोकरीचे कपडे उन्हात घातले. ते तिन्ही स्वेटरही होते. शिखा त्या दिवशी न सांगता आली आणि थेट वर आली. खाटेजवळ थांबली, पिवळा स्वेटर उचलला.

"हे अजून ठेवलंय?"

"राहू दे गं. तू कशाला हात लावते?"

"आई, मी आणि ध्रुवने ठरवलं आहे. अब और नहीं. दिल्लीला जाणं बंद, इंजेक्शन बंद."

"अगं, तुझं वय काय झालंय असं..."

"वयाचं नाही सांगत आहे मी. मी थकून गेली आहे. मी घरी आली की तू आधी माझ्या पोटाकडे बघते, मग तोंडाकडे. हर बार." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "हे टाके बंद कर. तोपर्यंत मी नाही येणार."

आणि खरंच आली नाही. दिवाळी तिच्याविना गेली. धुकं पडू लागलं, दुपारी बारापर्यंत समोरचं घर दिसेना. ताई ट्रंक उघडत, स्वेटर पलंगावर मांडत, सुई हातात घेत आणि पुन्हा ठेवून देत. "बंद केले की मीच नाही म्हटल्यासारखं होईल," एकदा म्हणाल्या. मला दया आली, पण रागही आला. "जे आलं नाही त्याच्यासाठी तुम्ही आलेल्या मुलीला घराबाहेर ठेवलंत," मी म्हटलं. त्यानंतर ताई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच शिखाकडे गेले. तिच्या अंगात लग्नाआधीचा मरून रंगाचा स्वेटर होता, ताईंनी विणलेला. कोपरांना विरला होता आणि मनगटाकडे इतका आखडला होता की बाह्या वर चढत होत्या. "काकू, ये सबसे गरम है," ती म्हणाली. घरी येऊन मी ताईंना एवढंच सांगितलं की पोरगी अजून तोच स्वेटर घालते. ताईंनी भाजी चिरता चिरता विळी आडवी केली आणि फोन मागितला.

"रविवारी ये. तुझ्यासमोर करते."

रविवारी ऊन पडलं होतं. आम्ही तिघी गच्चीवर बसलो. ताईंनी रबर काढले. एक टाका दुसऱ्यावरून ओढायचा, सोडायचा, पुढचा. पिवळा झाला, पांढरा झाला. हिरव्याच्या वेळी ताईंचे हात थांबले आणि त्या रडल्या. शिखाही रडली, पण तिने स्वेटर हातातून घेतला नाही आणि राहू दे असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने ताईंनी नाक पुसलं आणि उरलेले टाके बंद केले. इतकी वर्षं अडलेलं काम चहा उकळायच्या आत संपलं.

शिखाने तिन्ही स्वेटर घडी करून पिशवीत घातले. "आमच्या कामवालीला नात झाली आहे. तिला देते. चालेल?" ताईंनी मान हलवली.

खाटेवर दहा नंबरच्या सुया पडल्या होत्या, रिकाम्या. ताई त्यांच्याकडे बघत बसल्या. मग उठल्या.

"उभी राहा. पाठ कर इकडे."

"आता? थंडी तो जा रही है, आई."

"जाऊ दे. पुढच्या थंडीत घालशील."

शिखा पाठमोरी उभी राहिली. ताईंनी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वितीने माप घेतलं. माप पहिल्याच वेळी मिळालं होतं. तरी ताईंनी वीत पुन्हा टेकवली, आणि शिखा हलली नाही.