सव्वा मूठ

कानबाई मायवर, आमच्या खानदेशच्या देवीवर, मी एके काळी मनापासून चिडलो होतो, हे आज पन्नाशी उलटल्यावर कबूल करताना मान खाली जाते. पण चिडलो होतो खरा. आणि जी आपल्याशी एक अक्षर बोलत नाही तिला माय का म्हणावे, असा उर्मट प्रश्नही मी तिला विचारला होता.

एरंडोलजवळच्या आमच्या गावी श्रावणात कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू पाटीत पडतात. ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. मूठ थांबते ती फक्त मेलेल्या माणसाची. मी पलटणीतून रजेवर आलो असताना विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी, नानांशी, माझे भांडण झाले. रागाच्या भरात ओटीवर उभा राहून मी ओरडलो, "आजपासून माझी मूठ घालू नका!" वहिनींच्या हातातले सूप खाली पडले. नाना उठून गोठ्याकडे निघून गेले. त्याच वर्षी पावसाळ्यात कोरियातली लढाई थांबली, आणि तिथल्या कैद्यांवर पहारा देण्यासाठी आमची पलटण बोटीने निघाली. श्रावण समुद्रावरच सरला.

तिथे जे पाहिले ती भाऊबंदकीच होती, फक्त तोफांची. एका देशाचे दोन तुकडे, एका आईची मुले दोन्हीकडे. आमच्या ताब्यातल्या कैद्यांना आपल्या बाजूला परत जायचे नव्हते. रोज काही जणांना तंबूत नेऊन घरी जाण्याविषयी समजावले जाई. ते किंचाळत, खुर्च्या फेकत, आणि आम्ही त्यांना उचलून परत आणत असू. सकाळपासून पत्र्याचे डबे बडवणे, घोषणा, दगड. आम्हाला गोळी चालवण्याची मनाई. हातात काठी घेऊन, तोंड मिटून, थंडीत उभे राहायचे. असे महिन्यामागून महिने. कोणाचे भांडण, आणि डोके कोणाचे उठते!

त्यात नानांची पत्रे. शाळेच्या मास्तरांकडून लिहवलेली. पहिल्या पत्रात बैलाला खोकला झाल्याचे सविस्तर वर्णन. दुसऱ्यात खोकला बरा झाल्याचे. कपाशी बरी आहे, पाऊस बरा आहे. कानबाई बसली की नाही, माझी मूठ पडली की नाही, याविषयी एक ओळ नाही. मी पत्र उलटेपालटे करून पाही. आमचे हवालदार साताऱ्याकडचे. ते रोज विचारीत, "काय रे खानदेशी, बैल काय म्हणतोय?" सगळे हसत. मला मात्र वाटे, मी घरच्यांच्या लेखी मेलो आहे आणि हे सांगणे त्यांच्या जिवावर येते आहे. लिहून विचारावे, तर अहंकार आडवा येई.

कुंपणाच्या आत एक प्रौढ कैदी होता. जेवताना तो दोन वाट्या मांडी. दुसरीत चिमूटभर भात घाली आणि शेवटी तो स्वतःच खाई. दुभाष्याने हवालदारांना सांगितले, त्यांनी मला, "त्याचा भाऊ पलीकडच्या फौजेत होता. जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. घरी जायचं नाव काढलं तर आतलेच लोक याला मारतील." मला त्याचाही राग आला. भावाशी लढायचे आणि वाटीही मांडायची!

एके सकाळी पहाऱ्यावर जाताना मी वैतागून म्हणालो, "माय, ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ. पण एकदा सांगून टाक." त्याच दुपारी जेवणाच्या गलक्यात तो माणूस फाटकाकडे धावत आला. मागून दगड. घरी जायचे म्हणणाऱ्याला बाहेर घ्यावे, असा आम्हाला हुकूम होता. मी फाटक उघडून त्याला ओढले, एक दगड माझ्या खांद्यावर बसला. परत जाणाऱ्यांच्या गाडीत चढण्याआधी त्याने खिशातून कोरडे तांदूळ काढले, माझ्या तळहातावर ओतले, आणि आपल्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली.

मला त्याची भाषा येत नव्हती, आणि त्याला आमची कानबाई ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या मिटल्या मुठीकडे पाहत मी पहाऱ्यावर उभा राहून रडलो, एवढेच सांगू शकतो. त्यानंतर मी पत्रांत काही शोधले नाही. पुढच्या श्रावणात रजा मागितली.

घरी पोचलो तेव्हा वहिनी पाटीपाशी बसल्या होत्या. नानांची मूठ पडली, दोन पुतण्यांची पडली, आणि त्यांनी न थांबता चौथी घातली. मी नानांच्या पायांवर डोके ठेवले आणि विचारले, "गेल्या वर्षी?"

नाना माझ्यावर वैतागलेच. "येड्या, मूठ काय तुले इचारीसन टाकतस का?"

मूठ मला विचारून पडत नव्हती, गेल्या श्रावणातही ती पडली होती. ज्या गोष्टीची मला वर्षभर धास्ती होती, ती पत्रात लिहिण्याजोगी आहे हे त्यांच्या मनातही आले नव्हते. बैलाचा खोकला ही बातमी होती. मी घरचा असणे ही बातमी नव्हती. मी मागावे, तिने द्यावे, असा व्यवहार मी मायशी मांडला होता, आणि ती माझे ओरडणे ऐकूनही न ऐकल्यासारखी मूठ घालीत राहिली होती. तिचे मौन मी नकार समजलो, ही चूक माझी. त्या परक्या माणसाला त्याचा भाऊ भेटला का, मला ठाऊक नाही. दर श्रावणात मूठ पडताना मी त्याच्यासाठी हात जोडतो.